न झालेल्या खुनाची शिक्षा

आमच्या इमारतीच्या गेटपाशी एक सिमेंटचा बाक आहे. त्या वर्षी थंडी सुरू झाली तशा आत्या सकाळी त्या बाकावर येऊन बसायला लागल्या. आंघोळ झालेली, केस चापूनचोपून बांधलेले, अंगावर इस्त्रीची साडी आणि मांडीवर एक कापडी पिशवी. मी कोर्टात जायला निघाले की दिसायच्या. मला वाटलं, हॉस्पिटलात तपासणीला निघाल्या असतील. साकेत नगरातल्या म्हाताऱ्या माणसांचं निम्मं जाणंयेणं त्या मोठ्या हॉस्पिटलाकडेच असतं.

एकदा थांबून विचारलं, "आत्या, कुणाची वाट बघताय?"

"पोलिसांची," त्या म्हणाल्या. "गाडी येईल आता. तू जा, तुला उशीर होईल."

त्यांचा विसरभोळेपणा वाढत चाललाय हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मी हसून पुढे गेले. पण स्कूटर सुरू करताना मागे वळून पाहिलं, तर त्या रस्त्याकडे अशा बघत होत्या, की खरंच कुणीतरी यायचं ठरलेलं असावं.

आत्या म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची नणंद. काकूंची मुलगी त्यांना आत्या म्हणते, म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. काकूंचे यजमान नागपूरहून इथे भोपाळच्या कारखान्यात नोकरीला आले, फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षांनी गेले. मुलगी लग्न होऊन पुण्याला. तेव्हापासून या दोघीच एकत्र राहतात. भावजय-नणंद अशा इतक्या गुण्यागोविंदानं राहताना मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. बिट्टन मार्केटच्या भाजीबाजाराला दोघी मिळून जायच्या. एक भाव करायची, दुसरी पिशवी धरायची, आणि परत येताना रिक्षात कशावर तरी हसत असायच्या. आत्यांचं लग्न झालं नव्हतं. का, ते कुणी विचारत नसे.

आत्यांना एकटं ठेवणं कठीण झाल्यावर काकूंनी दिवसा एक बाई ठेवली होती. तिनेच मला एका संध्याकाळी जिन्यात गाठलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "दीदी, आप वकील हैं ना? माताजी रोज़ बोलती हैं कि हमने अपने भाई को ज़हर देके मार डाला. हम दोनों ने. मेरे को तो डर लगता है. कल को पुलिस आई तो मेरे से भी पूछेगी न?"

"बीमारी है उनकी," मी म्हटलं. "कुछ भी याद आता है. ध्यान मत दो."

ती मान हलवून गेली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. काका माझ्यासमोरच गेले होते. यकृताचं दुखणं, महिनोन्‌महिने हॉस्पिटल. त्यात विषाचा काही संबंध नव्हता. मग आत्यांच्या डोक्यात हे आलं कुठून?

पुढच्याच रविवारी काकू माझ्याकडे आल्या. एरवी येताना वाटीत काहीतरी झाकून आणतात, त्या दिवशी रिकाम्या हातानं आल्या. नवरा आणि मुलगा क्रिकेट बघत होते. काकू म्हणाल्या, "आपण गॅलरीत बसू."

खाली नजर ठेवून त्यांनी विचारलं, "एखाद्याला मारायचं ठरवलं, सगळी तयारी केली, आणि मारलं नाही. त्याला काय शिक्षा असते गं?"

मी दिवाणी वकील. माझं काम वाटण्या, वारसा, भाडेकरू. फौजदारीची पुस्तकं कॉलेज संपल्यावर जी माळ्यावर गेली ती तिथेच. तरी आठवलं तेवढं सांगितलं, की नुसतं मनात आणणं हा गुन्हा नाही. तयारीसुद्धा बहुतेक वेळा गुन्हा ठरत नाही. प्रत्यक्ष करायला घेतलं की मग प्रयत्नाचा गुन्हा लागतो.

"नक्की?"

"बघून सांगते. पण काकू, हे कुणाबद्दल?"

त्यांनी पदर नीट केला. "ती जे बडबडते ते खोटं आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही त्यांना मारलं नाही. पण ठरवलं होतं, ते खरं आहे."

खालून कुणीतरी स्कूटर बाहेर काढत होतं. मी गॅलरीचं दार ओढून घेतलं. मग काकू बोलायला लागल्या, आणि एकदा सुरुवात केल्यावर थांबल्या नाहीत.

तेव्हा त्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. काका दारू प्यायचे हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते मारायचे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या आठवणीतले काका स्वेटर घालून उन्हात पेपर वाचत बसलेले, जवळून जाणाऱ्या मुलांना शेंगदाणे देणारे. काकू सांगत होत्या तो माणूस दुसराच होता. पट्टा, चप्पल, हाताला येईल ते. बायकोला आणि बहिणीलाही. बहिणीचं लग्न करायचं टाळलं ते तिच्या पगारासाठी. ती तेव्हा एका शाळेत शिकवायची. एकदा लेक मधे आली, आणि तिच्या कपाळाला जिन्याची कड लागली.

"त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं," काकू म्हणाल्या. "उंदराचं औषध घरात होतंच. मी पुडी बांधून हिंगाच्या डब्यामागे ठेवली. बरेच दिवस ती तिथंच होती. मी रोज बघायची आणि भाजी फोडणीला टाकायची. मग एकदा तिला सांगितलं."

"आत्यांना? त्यांच्या सख्ख्या भावाबद्दल?"

"ती तांदूळ निवडत होती. मी सांगितलं तरी मान वर केली नाही. ताटातले तांदूळ संपवले, खडे वेगळे केले. मग म्हणाली, वहिनी, मटणात घालू. झणझणीत असलं की त्याला चव कळत नाही."

ठरला तो रविवार. काका आंघोळ करून बाहेरच्या खोलीत बसले होते, मुलगी शेजारी खेळायला पाठवली होती. वऱ्हाडी पद्धतीचा काळा रस्सा झाला. आत्यांनी एका वाटीत रस्सा काढून पुढे धरला. काकूंनी पुडी उघडली. आणि आत्या एकदम म्हणाल्या, "वहिनी, तू तर त्याच्याच ताटात जेवतेस."

नवऱ्याचं झालं की त्याच उष्ट्या ताटात बायकोनं जेवायला बसायचं, अशी त्या घरात रीत होती. काकूंनी लग्न झाल्यापासून ती कधी मोडली नव्हती. इतके दिवस दोघींनी सगळा विचार केला, हा केला नव्हता.

"मी म्हटलं, आज नाही जेवत. ती म्हणाली, नाही जेवलीस तर त्याला संशय येईल. मी म्हटलं, मग ताट धुऊन घेते. ती म्हणाली, इतक्या वर्षांत कधी धुतलं नाहीस ते आजच?" काकू सांगता सांगता थांबल्या. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "आणि अगं, आम्हाला हसू यायला लागलं. भीतीनं असेल, काय असेल. तोंडात पदर कोंबला तरी थांबेना. वाटी तिच्या हातातून सांडली. ते घरात असताना आम्ही कधी मोठ्यानं बोलतसुद्धा नव्हतो."

काका बाहेरून ओरडले, काय खिदळताय? मग उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. हात उगारलेला होता. आत्यांच्या हातात उकळत्या रश्श्याचा डाव होता आणि तो त्यांनी खाली ठेवला नाही. काकू त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पान वाढलंय. बसा जेवायला."

"आणि बसले," काकू म्हणाल्या. "गुपचूप. मी जातीनं वाढलं. साधा रस्सा."

पुडी त्यांनी दुपारी मागच्या अंगणात पुरली. काका काही सुधारले वगैरे नाहीत. दारू सुटली नाही, तोंड सुटलेलंच राहिलं. पुढे एकदा हात उचलला होता, तेव्हा आत्या मधे येऊन उभ्या राहिल्या आणि तो हात खाली गेला. त्यानंतर नाही.

"आम्हाला त्यांची भीती वाटेनाशी झाली," काकू म्हणाल्या. "आणि ते त्यांना कळलं. का, ते कधीच कळलं नाही."

त्या गेल्यावर मी मुलाला माळ्यावर चढवून जुनी पुस्तकं काढली. मला झोकून देऊन वाचताना बघून नवरा म्हणाला, "कुणी पकडलं गेलंय का?" मी म्हटलं, "नाही. कुणीच नाही. तेच तर."

वाचताना मला आमच्या इथल्या पेपरात नेहमी येणारी एक बातमी आठवली: 'डकैती की योजना बनाते पाँच गिरफ़्तार'. भोपाळमध्ये वाढलेल्या माणसानं ही बातमी इतक्या वेळा वाचलेली असते, की डोळे तिच्यावरून घसरून जातात. कुठल्यातरी पुलाखाली किंवा ओसाड जागी पाच जण बसलेले, जवळ दोरी, मिरचीपूड, सळई. दरोडा पडलेला नाही, तरी अटक. आता मला कळलं, की दरोडा हा त्या मोजक्या गुन्ह्यांपैकी आहे ज्यांची नुसती तयारीसुद्धा शिक्षेला पात्र आहे. आणि दरोड्याला निदान पाच माणसं लागतात. चौघांनी घातला तर त्याला कायद्यात वेगळं नाव आहे. म्हणून बातमीत ते कधी चार नसतात. इतकी वर्षं मी हे वाचत होते आणि मला कधी प्रश्न पडला नव्हता.

विषाबद्दल तर जुन्या दंडसंहितेत चक्क उदाहरणच होतं. विष विकत आणलं, अन्नात कालवलं, पण अन्न अजून आपल्याच ताब्यात आहे, तोवर खुनाचा प्रयत्न नाही. तेच अन्न त्या माणसाच्या पुढ्यात नेऊन ठेवलं, की प्रयत्न झाला. मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि आमच्याच स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. ओट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत चार पावलं, आणि कायदा नेमका तेवढ्या जागेत उभा होता.

इथवर काकू सुटत होत्या. पुढचं प्रकरण कटाचं होतं, आणि तिथे मी अडखळले.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या बाररूममध्ये फौजदारी चालवणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांना विचारलं. त्यांनी समोसा खाली ठेवला नाही. "दो लोगों ने तय कर लिया, बस, हो गया जुर्म," ते म्हणाले. "मर्डर हो, न हो. करार ही जुर्म है." खून झाला नाही तरी सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नसतं, म्हणजे किती वर्षं लोटली याला अर्थ नाही. मग डोळे बारीक करून म्हणाले, "क्लायंट है या किस्सा?"

"किस्सा," मी म्हटलं.

"किस्से में सबूत क्या है?"

"कुछ नहीं. एक बूढ़ी औरत जिसको कुछ याद नहीं रहता."

"तो फिर चाय पियो," ते म्हणाले.

व्यवहारात त्यांचं बरोबर होतं. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. एकट्या बाईनं खुनाचा निश्चय करून वर्षभर पुडी बाळगली तर कायदा तिच्याकडे बघतही नाही. तिनं दुसरीला सांगितलं, दुसरी हो म्हणाली, की दोघी गुन्हेगार. कायद्याचं म्हणणं मला समजत होतं. एकाचा विचार बदलू शकतो, दोघं एकमेकांना मागे फिरू देत नाहीत. म्हणून दोघांची भीती जास्त. काकूंच्या घरात मात्र नेमकं उलटं झालं होतं. पुडी एकटीजवळ असती तर ती कदाचित कधीतरी रश्श्यात पडली असती. दुसरीला सांगितलं, म्हणून उष्ट्या ताटाची आठवण करून द्यायला कुणीतरी होतं.

संध्याकाळी वर गेले. आत्या आत झोपल्या होत्या. मी काकूंना जसं वाचलं तसं सगळं सांगितलं. आधी धीर दिला, की कुणी येणार नाही, कुठला खटला उभा राहणार नाही, ठाण्यात कुणी हे लिहूनही घेणार नाही. मग कटाचं सांगितलं.

त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. "म्हणजे मी पुडी बांधली तेव्हा गुन्हा नव्हता?"

"नव्हता."

"तिला सांगितलं तेव्हा?"

"तेव्हाही नाही. त्या हो म्हणाल्या तेव्हा झाला."

"तांदूळ निवडून झाल्यावर," काकू म्हणाल्या. "आणि नंतर आम्ही केलं नाही, ते धरत नाहीत?"

"शिक्षा देताना न्यायाधीश विचार करतील. पण गुन्हा पुसला जात नाही."

"आणि ते जे करत होते आम्हाला, त्याची शिक्षा?"

तो गुन्हा होताच, मी म्हटलं. तेव्हा कुणी तक्रार केली असती तर.

"कुठे करणार होतो?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. मग आपणहूनच पुढे बोलल्या, "या शहरात कुणीच न ठरवता गॅसनं हजारो माणसं झोपेत गेली. त्याची कुणाला किती शिक्षा झाली ते आपण बघितलंच आहे. आणि आम्ही ठरवून एक माणूस जिवंत ठेवला, त्याला सात वर्षं."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला काही नको. तिला तेवढं सांग. माझं ऐकत नाही. तू काळा कोट घालून ये."

मला ते विचित्र वाटलं, पण दुसऱ्या दिवशी कोर्टातून तशीच वर गेले. आत्या पलंगावर बसल्या होत्या. कोट बघून उभ्या राहिल्या. मी त्यांना हात धरून बसवलं.

"आत्या, तुमचा भाऊ हॉस्पिटलमध्ये आजारानं गेला. तुम्ही त्याला काही दिलं नाही. शेवटी शेवटी तुम्हीच त्याला चमच्यानं पेज भरवत होता. मी पाहिलंय."

"मी वाटी पुढे केली," त्या म्हणाल्या. "मला आठवतंय. वहिनीनं पुडी सोडली."

"ती तू सांडलीस," काकू म्हणाल्या. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "मी त्यांच्या ताटात जेवते, म्हणून तू थांबवलंस. विसरलीस का?"

आत्या काकूंकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जमून येत होतं आणि निसटत होतं. "तू मेली असतीस," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"मग मी एकटी राहिले असते."

"हो ना."

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ठरवलं होतं, त्याचं काय?"

पुस्तकातलं उत्तर मला तोंडपाठ होतं. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी खूण केली नाही, मान हलवली नाही, सगळं माझ्यावर सोडलं. खोटं बोलायला माझी जीभ वळेना आणि खरं सांगायला मन तयार होईना. मी म्हटलं, "आत्या, ते न्यायाधीशांच्या मर्जीवर असतं. पण त्यासाठी कुणी तुम्हाला न्यायला येणार नाही."

"मर्जी," त्या म्हणाल्या, आणि वर्गात मुलानं बऱ्यापैकी उत्तर दिल्यावर शिक्षिका मान डोलावते तशी डोलावली.

सोबतीच्या बाईला काकूंनी नंतर स्वतःच सगळं सांगितलं, अगदी पुडीपासून. मला वाटलं होतं, ती काम सोडेल. ती टिकली. उलट दुपारी आत्यांना झोप लागली की काकूंशी बराच वेळ गप्पा मारत बसू लागली. काय बोलायच्या ते मी विचारलं नाही, विचारावंसं फार वाटायचं तरी.

उन्हाळा आला तोवर आत्यांचं आठवणं आणखी मागे सरकलं होतं. भावाला मारलं हे त्या आता म्हणत नव्हत्या. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "नाही बाप्पा, सगळं गेलं. तो रविवारही गेला. आता मलाच एकटीला माहीत."

"मलाही सांगितलंत ना," मी म्हटलं.

"तुला ऐकून माहीत," त्या म्हणाल्या, आणि आमरसाची वाटी माझ्या हातात दिली.

आत्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मला हाक मारून जवळ बसवून घेतलं आणि काकूंकडे बोट करून हळूच विचारलं, "ही बाई कोण गं? चांगली आहे. रोज जेवायला वाढते."

"तुमची वहिनी."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे दादाचं लग्न झालं? कुठे आहे तो?"

काय सांगावं म्हणून मी काकूंकडे पाहिलं. त्या आंब्याच्या कोया पाटीत टाकत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ड्यूटीवर गेलेत. येतील."

"उशीर झाला तर थांबू नकोस," आत्यांनी त्यांना बजावलं. "तू आपली जेवून घे."